अँथ्रासीन उन्हात ठेवण्याआधी

ऊन प्रदूषक रेणू कसे मोडतं हे तपासायचं असेल, तर सुरुवात अँथ्रासीनपासून (बेंझीनसारखी तीन वलयं जोडलेला रेणू) करा, बेंझीनपासून नको. जमिनीवर पोचणारं ऊन साधारण 295 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचं असतं. बेंझीन ते शोषतच नाही, अँथ्रासीन मात्र 380 च्या आसपासपर्यंत शोषतं. सिलिका जेलवर पातळ पसरलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचं उन्हात अँथ्राक्विनोन (क्विनोन गटातला एक रेणू) होतं. काजळीवर तेच भलतं चिवट ठरतं, कारण काळा पृष्ठभाग प्रकाश स्वतःच गिळतो.

शेजारी दुसरा नमुना ठेवा: तेच तापमान, तशीच खेळती हवा, फक्त वर फॉइलचं छत. नाहीतर नुसतं उडून गेलेलं अँथ्रासीनही उन्हाच्या खात्यात जमा होईल. नवखे बहुतेक इथेच फसतात. मूळ रेणू संपला म्हणजे विष संपलं, असंही धरू नका. काही क्विनोन जास्त त्रासदायक निघतात, तेव्हा तेही मोजा.