आधार क्रमांकाचा हॅश केला म्हणजे ओळख लपली का?

प्रश्न : एम.टेक.च्या प्रकल्पात रुग्णांच्या नोंदी हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेन प्रणालीवर ठेवतो आहे. ओळख लपावी म्हणून लेजरवर (सामायिक नोंदवहीत) आधार क्रमांकाचा फक्त एसएचए-२५६ हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, जातो. मार्गदर्शक म्हणतात, यात गोपनीयता नाही. पण हॅश उलटा फिरवता येत नाही ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : उलटा फिरवायची गरजच पडत नाही. शक्य ते सगळे क्रमांक हॅश करून जुळवले की झाले. आधारचा पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि बारावा अंक आधीच्या अकरांवरून व्हरहॉफ पद्धतीने ठरतो. उरतात ८ हजार कोटी क्रमांक. गेमिंगचे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शंभर कोटींहून जास्त हॅश काढते, म्हणजे हे दीड मिनिटाचेही काम नाही.

मुळात आधार हवाच कशाला? रुग्णाला यादृच्छिक ओळख-क्रमांक द्या. आधार ठेवणे भागच असेल, तर प्रायव्हेट डेटा कलेक्शनमध्ये (ठरावीक संस्थांकडेच राहणाऱ्या खाजगी साठ्यात, ज्याचा फक्त हॅश लेजरवर जातो) नोंदीसोबत ३२ बाइटचा यादृच्छिक सॉल्ट, म्हणजे हॅश करण्याआधी मिसळायचा आकडा, ठेवा, प्रत्येक नोंदीला वेगळा. सॉल्ट क्लायंटमध्ये, म्हणजे तुमच्या अ‍ॅपमध्ये, तयार करा. चेनकोडमध्ये (फॅब्रिकवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) केलात तर प्रत्येक पीअरकडे (नेटवर्कमधल्या संगणकाकडे) वेगळा आकडा निघतो, एंडॉर्समेंट (पीअरांनी दिलेली मंजुरी) जुळत नाही आणि व्यवहार नापास होतो. पाठवताना ‘ट्रान्झियंट’ फील्डमधूनच पाठवा. साधे आर्ग्युमेंट ब्लॉकमध्ये कायमचे नोंदले जाते. आणखी एक जागा हमखास सुटते : लेजरवर व्हॅल्यूबरोबर ‘की’चाही (नोंद ज्या नावाने ठेवली जाते त्याचाही) हॅश जातो. आधार क्रमांकच ‘की’ असेल, तर सॉल्टचा सगळा खटाटोप वाया.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. फॅब्रिक २.५ मधल्या ‘पर्ज’ (कायमचे पुसण्याच्या) सुविधेने खाजगी नोंद आणि सॉल्ट जातात. ब्लॉकमधला हॅश राहतो, पण सॉल्टशिवाय तो निरुपयोगी. बॅकअपमधल्या प्रती मात्र तुम्हालाच पुसाव्या लागतील.

प्रश्न : नोंदीत कुणी फेरफार केलेला नाही, तरी पडताळणीत हॅश जुळत नाही. असे मराठी नावांतच होते.
– एक वाचक, अकोला

उत्तर : ‘वऱ्हाडे’ हे नाव पडद्यावर सारखे दिसले, तरी त्यातला ‘ऱ’ तीन प्रकारे टंकला जातो : एकसंध ‘ऱ’, र आणि नुक्ता, किंवा र, हलन्त आणि अदृश्य शून्य-रुंदी जोडचिन्ह. बाइट बदलले की हॅश बदलला. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारी पद्धत) पहिले दोन एक करते, तिसरा नाही. त्यासाठी स्वतःचा नियम लिहा : र, हलन्त, जोडचिन्ह दिसले की ‘ऱ’ आणि हलन्त. हे हॅशच्या आधी, नोंदवताना आणि पडताळतानाही. सोबत जेसनमधला (नोंद ज्या मजकूर-स्वरूपात साठवता त्यातला) फील्डांचा क्रमही ठरवून टाका.