पाणी निळ्या पत्र्यासारखं का दिसतं?

प्रश्न : अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार कानालेत्तो याच्या व्हेनिसच्या चित्रांवरून तैलरंगात सराव करतोय. इमारती जमतात, पण कालव्याचं पाणी निळ्या पत्र्यासारखं दिसतं. कुठे चुकतंय?

उत्तर : बहुधा पाण्याला थेट आकाशाचाच निळा लागतोय. तिथलं पाणी हिरवट. त्यात भिंतींचा विटकरी, पिवळट रंग मिसळवा. प्रतिबिंब इमारतीच्या बरोब्बर खाली, सावली मात्र उन्हाच्या उलट दिशेला. इथे हमखास गल्लत होते. उजळ भिंत पाण्यात किंचित गडद, काळा गोंडोला (तिथली लांबट होडी) किंचित फिका. आडव्या फटकाऱ्यांचा थर पूर्ण वाळू द्या, मगच बारीक कुंचल्याने फिक्या रंगाच्या वक्र लाटा काढा : जवळ मोठ्या, विरळ, दूर चपट्या, दाट. सगळ्या सारख्या झाल्या की माशाची खवलं दिसतात. खुद्द कानालेत्तोच्या उत्तरकाळातल्या काही चित्रांत हे खटकतंच.