खान्देशात रोड बाइकवर तीन दिवस फिरायचंय, घाटही हवेत आणि जुनी ठिकाणंही, कुठला रूट घेऊ?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात पुण्याहून येताय, रोड बाइक आहे, रोज ६०-७० किलोमीटर जमतं, वाटेत लेणी-किल्ले बघायचेत, आणि मित्र म्हणताहेत की खान्देश म्हणजे नुसता कापूस आणि केळी, तिकडे कसले घाट. मी चाळीसगावचा, दहा-अकरा वर्षं याच रस्त्यांवर सायकल चालवतोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

मित्रांचं अर्धं खरं आहे. मधला तापी-गिरणेचा पट्टा सपाटच आहे, पण वर सातपुडा आणि खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, म्हणजे खान्देश हा दोन भिंतींच्या मधला चौक समजा. आता या चौकात यायचं तर कुठल्या तरी खिंडीतून उतरायला लागतं नाहीतर नदी ओलांडायला लागते, आणि जुन्या लोकांनी बरोबर तिथेच किल्ले बांधले, लेणी कोरली, देवळं उभारली. मला हे सायकलवरच कळलं. जिथे आपण समोरची चेन लहान चक्रावर टाकतो तिथे मान वर करून बघायचं, काहीतरी जुनं दिसतंच. कारमध्ये हा चढ जाणवतच नाही, म्हणून ती ठिकाणं नेमकी तिथेच का आहेत हेही कळत नाही.

मुक्काम चाळीसगावात करा. रेल्वेची मेन लाइन आहे, सायकल बॅगेत घालून आणता येते.

पहिल्या दिवशी पाटणादेवी. जेमतेम १८ किलोमीटर, जाऊन-येऊन ३६, ६०-७० वाल्याला कमी वाटेल पण प्रवासाने अंग आंबलेलं असतं आणि तिथे बघायला वेळ लागतो. रस्ता डोळ्याला सपाट दिसतो पण पायाला चढ लागतो, सतत एक-दोन टक्के, त्यामुळे स्पीड का पडतोय म्हणून घाबरू नका, तुमच्या पायात काही बिघाड नाही. शेवटी डोंगराची भिंत तिन्ही बाजूंनी जवळ येते, वर कन्हेरगड दिसतो आणि रस्ता गौताळा अभयारण्याच्या जंगलात शिरतो. वनखात्याच्या चौकीवर नोंद करा आणि अंधार पडायच्या आत परत फिरा, हे बिबट्याचं रान आहे.

इथल्या चंडिकादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो जगापुढे आणला. भास्कराचार्य, ज्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने इथे पाटणला १२०७ च्या सुमारास मठ काढला, त्याच्या दानाचा हा लेख आहे. (योगी चांगदेव वेगळे, गल्लत करू नका.) म्हणजे भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथातली गणितं या जंगलाच्या तोंडाशी बसून पोरं सोडवत होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं, चाळीसगावात शाळा शिकूनसुद्धा, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेजारी महादेवाचं यादवकालीन देऊळ आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, दुपारी सगळं सपाट दिसतं.

दुपारी गावात परत आलात की स्टेशनजवळ केकी मूस यांचं कलादालन आहे ते बघा. मोठा फोटोग्राफर, चित्रकार माणूस, आयुष्याची कित्येक दशकं त्या बंगल्याबाहेर जवळपास पडलाच नाही, १९८९ ला तिथेच गेला. सायकलशी संबंध नाही पण चाळीसगावात येऊन ते न बघता जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दिवस खरा. कन्नडचा घाट, ज्याला औट्रम घाट पण म्हणतात, १८२५ मध्ये भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी करणारा जो इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम, त्याच्या नावावरून. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तीनशे मीटरच्या आसपास उंची मिळवायची, घाटाच्या हिशोबात हे काही भयंकर नाही, वरंधा-ताम्हिणी केलेल्या माणसाला तर नाहीच. भीती चढाची नाही, गाड्यांच्या वर्दळीची आहे. धुळे-सोलापूर हायवे आहे, एक गाडी बंद पडली की दोन्हीकडे रांगा लागतात. म्हणून साडेपाचला अंधारातच निघायचं, मागेपुढे लाइट लावून, आणि फटफटलं की घाटाला भिडायचं. पुढे ३४ दातांचं लहान चक्र आणि मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचात, सगळ्यात मोठं ३० किंवा ३२ दातांचं असेल तर बसल्या बसल्या निघून जाल. माझ्याकडे पहिली सायकल होती तिला मागे २५ होतं, तिसऱ्या वळणावर उभं राहून पॅडल मारताना गुडघा धरला आणि मी कठड्यावर बसून राहिलो, तेवढ्यात मेंढरं घेऊन चाललेल्या एका ठेलारी बाबांनी थांबून विचारलं, "कथा जाई ऱ्हायना रे भाऊ?" (कुठे चाललास?) मी म्हटलं कन्नडला. त्यांनी त्यांचं पाणी दिलं आणि सांगितलं की त्यांचे आजोबा हाच डोंगर मेंढरं घेऊन पायी चढायचे, मधेमधे बसत, घाई न करता. मी तसाच गेलो, प्रत्येक वळणावर थांबत. आजही गुडघा कुरकुरला की तसंच करतो.

माथ्यावर गेलं की हवा एकदम बदलते, खाली चाळीसगावचं पूर्ण मैदान दिसतं. तिथून पुढे उजव्या हाताला आत वळून पितळखोऱ्याला जायचं, शेवटचा रस्ता अरुंद आणि खडबडीत आहे, २५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतील तर हळू, २८ चे असतील तर बरं. लेणी दरीत आहेत, पायऱ्या उतरून जायला लागतं, पॅडलला अडकणारे, क्लीट असलेले सायकलचे बूट दगडावर घसरतात म्हणून बॅगेत साधी चप्पल ठेवाच.

पितळखोरा हे आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या बौद्ध लेण्यांपैकी, इसवी सनाच्या आधीची. हत्तींची रांग कोरलेली आहे, जणू सगळा विहार त्यांच्या पाठीवर उभा आहे. इथे एक यक्षाची मूर्ती सापडली, आता ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिच्या हातावर करणाऱ्याचं नाव कोरलंय, कण्हदास, धंद्याने सोनार. आणि एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाचं, म्हणजे अत्तरं-सुगंधी माल विकणाऱ्याचं दान कोरलंय. आता विचार करा, पैठणचा अत्तरवाला या दरीत खांबाला पैसे का देतो? कारण त्याचा माल याच वाटेने खाली खान्देशात उतरायचा आणि पुढे भडोचच्या बंदराकडे जायचा. लेण्यांपासून दरीच्या टोकाला बघा, काल तुम्ही जिथे होतात ती पाटणादेवी बरोबर खाली आहे, मधे फक्त कडा, ट्रेक करणारी पोरं अजूनही त्या वाटेने चढ-उतर करतात. वरती इसवी सनाआधीची लेणी, खाली बाराव्या-तेराव्या शतकातलं देऊळ आणि मठ, शेजारी किल्ला, सगळं एकाच खिंडीसाठी. तुम्ही ती खिंड सायकलने वळसा घालून चढलात एवढाच फरक.

उतरताना एक सांगतो, घाटात ब्रेक धरून ठेवू नका, दाबा-सोडा करा. मागच्या वर्षी मी निघायच्या आधी दुकानात सर्व्हिसिंग करून घेतलं होतं आणि मागचे ब्रेक पॅड बदललेत असं सांगितलं होतं, बदललेच नव्हते, उतारावर अर्ध्यात धातूचा आवाज यायला लागला. सगळा घाट पुढच्या ब्रेकवर आणि पाय घासत उतरलो. तेव्हापासून पॅड स्वतः बघितल्याशिवाय घाटाला जात नाही, तुम्हीही बघा.

तिसऱ्या दिवसासाठी आदल्या संध्याकाळी धुळ्याला जा. सकाळी मुंबई-आग्रा रोडने दक्षिणेला १० किलोमीटरवर लळिंग, रस्ता हळूहळू चढतो आणि डोंगर जिथे रस्त्याला खेटतो तिथेच किल्ला. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांचा मूळपुरुष मलिक राजा, त्याने मरताना लळिंग थोरल्या मुलाला आणि थाळनेर धाकट्याला दिलं, म्हणजे एकाला घाट आणि एकाला नदीचा उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा, राज्याच्या दोन किल्ल्या दोघांना वाटून टाकल्या आणि पुढे भाऊ भांडले. लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे, तिथे बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ ला येऊन राहिले होते, दरवर्षी त्या तारखेला माणसांची रीघ लागते.

मग मागे फिरून धुळे ओलांडून सोनगीर, तिथलाही किल्ला याच रस्त्यावर नजर ठेवून, गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. पुढे सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडून उजवीकडे थाळनेर. किल्ल्याचे फक्त अवशेष उरलेत, पण फारुकींच्या कबरी आहेत, त्यातली अष्टकोनी बघून घ्या, दगडातली नक्षी फार नाजूक. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिलं. काठावर बसून बघितलं तर नदीचं पात्र किती मोठं आहे ते कळतं, आणि हा उतार ज्याच्या हातात त्याच्या हातात खान्देश का होतं तेही. परतीला शिरपूरहून गाडी बघा, आग्रा रोडवर संध्याकाळी दमलेल्या पायांनी सायकल नको.

तोरणमाळचं तुम्ही विचारलंत. यावेळी नको. अकराशे मीटरच्या वर आहे आणि पायथा फार खाली, चढ मोठा आणि मधे मदत कमी. त्याला वेगळे दोन दिवस द्या, शहाद्याला राहून.

खाण्याचं म्हणाल तर जर्सीच्या खिशात केळी भरा, इथे पाकिटातल्या एनर्जी जेलपेक्षा तीच ताजी मिळतात. रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी, शेवभाजी मात्र घाटाच्या आदल्या रात्री नको, तिखट झेपत नाही आणि पहाटे पोट साथ देत नाही. डिसेंबरात पहाटे बोटं गोठतात आणि अकरानंतर ऊन चटका देतं, त्यामुळे काढून ठेवता येईल असं जॅकेट आणि दोन मोठ्या बाटल्या.

आणि ट्यूब दोन नाही, तीन घ्या. इकडे रस्त्याकडेला बाभळी आहेत, काटा टायरमध्ये मोडून आत राहतो आणि नवी ट्यूब घातली की तीही जाते. सोनगीरजवळ माझ्या लागोपाठ दोन गेल्या तेव्हा हायवेवरच्या टायरवाल्या दादांनी टायर उलटा करून कापसाचा बोळा आतून फिरवला, जिथे कापूस अडकला तिथे काटा. कापूस तर इकडे रस्त्यावरच पडलेला असतो, ट्रॉलीतून सांडलेला, एक बोळा उचलून खिशात ठेवा.