एअर पिस्तूलमध्ये स्कोअर ५४५ च्या आसपास अडकला आहे. सराव बदलू की पिस्तूल?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: दिग्रसजवळच्या गावात, कापूस साठवायच्या खोलीत तुम्ही दहा मीटरची लेन केली आहे. पिस्तूल सेकंडहँड, हवेच्या सिलिंडरवर चालणारं. ६० शॉटमध्ये ६०० पैकी स्कोअर ५४० ते ५५० मध्येच फिरतो आणि शेवटच्या दोन सिरीजमध्ये, म्हणजे शेवटच्या वीस शॉटमध्ये, छर्रे खाली लागतात. कोच म्हणतात हात थकतो, तुम्हाला वाटतं पिस्तूल गेलं. कापसाचे पैसे आले की नवीन घेऊन देतो, असं वडील म्हणाले आहेत.

ते पैसे तूर्तास राहू द्या. कोच आणि तुम्ही दोघंही अंदाजाने बोलताय, आणि दोष हाताचा की पिस्तुलाचा हे एका दुपारीत तपासता येतं. मी वर्धा जिल्ह्यातला. बरीच वर्षं हाच खेळ खेळतोय, आणि अलीकडे आमच्याकडच्या पोट्ट्यांची पिस्तुलं तपासून देतो. एक मात्र पाळा: तपासणी संपेपर्यंत पिस्तुलातलंही काही बदलायचं नाही आणि पवित्र्यातलंही नाही. दोन्ही एकदम बदललं तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळणार नाही.

फिटरकडे असतो तसा वाईस मिळवा. जड टेबलाला तो पक्का आवळा, जबड्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावा आणि पिस्तुलाची फ्रेम त्यात धरा. नळी किंवा सिलिंडर धरू नका. दार आतून लावून घ्या. आता एकाच डबीतले पाच छर्रे एकाच कागदावर मारा. नळी चांगली असेल तर पाचांचं मिळून एकच भोक पडतं, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत सात-आठ मिलिमीटरच्या आत. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. म्हणजे असं भोक पडलं तर तुमच्या एकाही नऊला पिस्तूल जबाबदार नाही. भोक मोठं पडलं तर आधी छर्रे बदलून बघा. चपट्या तोंडाचे मॅचचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा डोक्याच्या मापांत मिळतात आणि प्रत्येक नळीला त्यातलं एखादंच मानवतं. दीड-दोन लाखांचं पिस्तूल घेण्याआधी वेगवेगळ्या मापांच्या चार डब्या घेऊन बघणं केव्हाही स्वस्त.

यानंतर जे करायचं तेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देईल. पिस्तूल वाईसमध्ये तसंच ठेवा. सिलिंडर पूर्ण भरलेलं असताना पाच शॉट, दाबाचा काटा १०० बारवर (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आला की पाच, ७० वर आला की पुन्हा पाच, तिन्ही वेळा वेगळ्या कागदावर. पिस्तुलातला रेग्युलेटर सिलिंडरमधला दाब उतरवून नेहमी सारखा देतो, पण सिलिंडरमधलाच दाब एका मर्यादेखाली गेला की त्याचा नाइलाज होतो आणि छर्ऱ्याचा वेग पडतो. या पिस्तुलांचा वेग सेकंदाला साधारण १५० मीटर असतो. तो १३० वर आला तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने छर्रा सातेक मिलिमीटर खाली लागतो, आणि दोन रिंगांमध्ये अंतर असतं आठ मिलिमीटरचं. जवळजवळ एक पूर्ण गुण गेला, आणि तुमचा नेम जागच्या जागी होता. तुमच्या शेवटच्या दोन सिरीजचं दुखणं हेच असावं असा माझा संशय आहे, कारण तुम्ही हातपंपाने हवा भरता असं लिहिलंय.

हातपंपाने भरताना हवा तापते. काटा २०० दाखवतो, तुम्ही समाधानाने पंप काढता, सिलिंडर थंड झालं की काटा खाली येतो. त्या अर्ध्यामुर्ध्या हवेवर सायटिंगचे, म्हणजे मॅचआधी नेम जुळवायचे, शॉट आणि मॅचचे ६० मारायला गेलात तर शेवटी ती कमी पडणारच. म्हणून टप्प्याटप्प्याने भरा. थोडा पंप मारा, थांबा, सिलिंडर हाताला गार लागलं की पुढचा टप्पा. पावसाळ्यात पंपाची पाणी सोडायची चावी दर थोड्या वेळाने उघडा. आपल्याकडे श्रावणात हवेत इतकी ओल असते की ती सिलिंडरमध्ये जाऊन आतून गंज धरते आणि रेग्युलेटर खराब करते.

उन्हाळ्यात गोष्ट उलटी होते. २५ अंशांना २०० बार भरलेलं सिलिंडर ४५ अंशांना २१३ च्या आसपास जातं. मोटरसायकलच्या डिक्कीत उन्हात तापमान साठपर्यंत गेलं तर २२० च्याही वर. एप्रिल-मेमध्ये १८० वरच थांबा, सिलिंडर सावलीत ठेवा, प्रवासात कपड्यांच्या मधोमध गुंडाळून न्या. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, त्यापासून दहा वर्षांनी ते बाद समजायचं. सेकंडहँड माल घेताना ही तारीख फार थोडे लोक बघतात. तुमचं पिस्तूल उत्तम असेल आणि सिलिंडरची मुदत संपलेली असेल, तर फक्त नवीन सिलिंडर घ्या.

आता जरा कठोर बोलतो. पंपाचा कंटाळा आला की गावात कोणीतरी हमखास सुचवतं, वेल्डिंगवाल्याकडून भरून आण. त्याच्याकडे असतो ऑक्सिजन. मोठ्या दाबाच्या ऑक्सिजनला तेला-ग्रीसचा थेंब लागला तर स्फोट होतो, आणि ते पिस्तूल तेव्हा तुमच्या चेहऱ्यासमोर असतं. दवाखान्यातलं सिलिंडरही तेच. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर धोक्याचा नाही, निरुपयोगी आहे. तो आठ-दहा बारच्या पुढे जात नाही. मोठ्या दाबाखाली तेला-ग्रीसचा जो धोका सांगितला, त्यामुळेच सिलिंडरच्या तोंडाला, रबरी रिंगांना शिलाई मशीनचं तेल किंवा गाडीचं ग्रीस लावायचं नाही. कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच.

तुमच्या खोलीची एक वेगळी अडचण आहे. कापसाची तूस. ती छर्रा ठेवायच्या जागी बसते, तेलकट भागाला चिकटते, सिलिंडर काढताना रबरी रिंगवर येते आणि मग हवा हळूहळू गळते. खोलीत कापूस असेल त्या महिन्यांत पिस्तूल काम झालं की लगेच पेटीत, आणि सिलिंडर बसवण्याआधी धागे न सोडणाऱ्या कपड्याने तोंड पुसायचं. गळती आहे का हे बघायला रात्री काटा वाचून ठेवा आणि सकाळी त्याच सुमाराच्या तापमानाला पुन्हा वाचा. लाइटीचं म्हणाल तर टार्गेटवर १५०० लक्सच्या आसपास उजेड हवा, मोबाइलवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो. लोडशेडिंग असेल तर टार्गेटवरचा एलईडी इन्व्हर्टरवर घ्या, पंखा बंद राहिला तरी चालेल.

वाईसवर तिन्ही कागद सारखे आले, तर कोचचं म्हणणं बरोबर. मग पिस्तुलाचा विषय बंद करा आणि हाताकडे या.

५४५ म्हणजे शॉटमागे सरासरी ९.०८. मुलं दहा वाढवायच्या मागे लागतात. तुमचे कागद काढून सात आणि आठ मोजा, मी पैजेवर सांगतो गळती तिथे आहे. एका सातने तीन गुण जातात, म्हणजे तीन नऊंइतकं नुकसान एकाच शॉटमध्ये. सातांचे नऊ झाले की ५६० दिसायला लागतं, त्यासाठी एकही जास्तीचा दहा लागत नाही.

सात येतो कुठून? हात हलल्यामुळे क्वचितच. माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) आणि मागची खाच, जिच्यातून माशी बघायची, यांच्यात साधारण ३२ सेंटीमीटर अंतर धरा, आणि टार्गेट १० मीटरवर. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर टार्गेटवर ती चूक तिसेक पटीने, ३१ मिलिमीटर होऊन उतरते. झाला सात. याउलट माशी आणि खाच नीट जुळलेली राहून सगळा हातच एक मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही एकच मिलिमीटर बाजूला जातो. म्हणून काळ्या गोलाखालच्या पांढऱ्या भागात हात थोडा डुलत असेल तर डुलू द्या. नजर माशीवर, तिच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा, आणि काळा गोल धूसर. ज्या क्षणी काळा गोल स्पष्ट दिसायला लागला, त्या क्षणी माशी सुटली असं समजा.

आणि ती सुटते बहुतेक वेळा ट्रिगरमुळे. गोल मधोमध आलेला दिसला की बोट म्हणतं ‘आत्ता!’ आणि झटका बसतो. उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा खाली डावीकडे जातो. तुमचे खालचे छर्रे सरळ खाली आहेत की डावीकडे खाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सरळ खाली असतील तर हवा, डावीकडे असतील तर बोट, असं मी प्रथमदर्शनी धरतो. उपाय कंटाळवाणा आहे. पांढऱ्या भिंतीसमोर, टार्गेट न लावता, ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा. ट्रिगरचा पहिला टप्पा हात खाली येत असतानाच दाबून घ्यायचा, दुसऱ्यावर दाब वाढवत राहायचं, आणि ‘टक’ झाल्यावरही माशी खाचेत जागच्या जागी आहे का ते बघायचं. ती हलली तर तो शॉट वाया. रोज वीस मिनिटं एवढंच करा, त्या वेळेत छर्रा लोड करू नका. हात स्थिरावल्यापासून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. ओढूनताणून मारलेला बाराव्या सेकंदाचा शॉट हाच बहुतेकांचा सात असतो.

थकव्याबद्दल कोच बरोबर असतील, पण त्याचं कारण बहुधा घाई असते. ६० शॉटला सव्वा तास मिळतो, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. आमच्याकडची मुलं पाऊण तासात आटपून मोकळी होतात. ‘काऊन बे, गाडी सुटून रायली का तुयी?’ असं मी त्यांना विचारतो. किलोभर वजनाचं पिस्तूल सरळ हाताने वर धरायचं आहे. दोन शॉटच्या मध्ये ते टेबलावर टेकवा, बोटं मोकळी करा, मग पुढचा. डोळे मिटून हात वर न्यायचा आणि उघडून बघायचं की माशी कुठे आहे. बाजूला असेल तर मनगटाने ओढून आणू नका, मागचा पाय सरकवा. मनगटाने आणलेला हात चाळीस शॉटनंतर आपल्या मूळ जागी परत जातो, आणि त्यालाच लोक थकवा म्हणतात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर खिशात हात घालून नेम धरायची फॅशन आली आहे. तिथे तसा उभा राहून रौप्य जिंकणारा तुर्कीचा नेमबाज युसुफ डिकेच २००८ पासून ऑलिम्पिक खेळतोय. त्याचं रौप्य खिशातून निघालेलं नाही. मोकळा हात स्थिर ठेवायला खिसा बरा, तेवढंच त्याचं काम.

मॅचला जाण्याआधी ट्रिगर तपासा. किमान ५०० ग्रॅम लागतो, आणि तिथल्या तपासणीत नापास होऊन घाईत स्क्रू फिरवला की आठवड्याची सवय मोडते. किराणा दुकानातल्या काट्यावर पाण्याची बाटली दोरीसकट ५१० ग्रॅम भरा, पिस्तूल हवेने भरलेलं पण बिनछर्ऱ्याचं, नळी सरळ वर, आणि ट्रिगरने बाटली उचला. सुटला नाही तर पास. स्पर्धेत पिस्तूल बिघडलं तर काय होतं हे टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या बाबतीत दिसलं. २०२१ मध्ये, पात्रता फेरी चालू असताना तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली आणि उरलेले शॉट घाईत मारावे लागले. तरी तिने ५७५ केले, आणि दोन गुणांनी फायनल हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्य घेतलं. तुमच्या पेटीत दुसरं भरलेलं सिलिंडर, रबरी रिंगांचा संच, अ‍ॅलन की आणि ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असेल तर नवी बॅटरी एवढं असलंच पाहिजे. पुण्याला बालेवाडीत स्पर्धा असेल तर महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर हादरे खात जाल, तेव्हा पोहोचल्यावर मागच्या खाचेचे आणि ग्रिपचे स्क्रू एकदा हाताने बघा.

ग्रिप एम-सील लावून भरू का, असंही तुम्ही विचारलंय. मनगट मोकळं राहिलं पाहिजे ही नियमाची अट सांभाळून भरता येते, पण कुठे भरायची हे न बघता सांगणार नाही. वाईसवरचे तिन्ही कागद, शेवटच्या दोन सिरीजचे कागद आणि ग्रिप धरलेल्या हाताचा वरून काढलेला फोटो खाली टाका.