अमेरिकेतली प्रेस्बिटेरियन मंडळी मतदान करून संप्रदायातून बाहेर पडली तर चर्चची बिल्डिंग कुणाची?

भावा, तुझे दाजी तिकडं पीसीयूएसएच्या, म्हणजे प्रेस्बिटेरियन चर्च (यूएसए) या प्रोटेस्टंट संप्रदायाच्या, एका मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) आहेत आणि मतदान तोंडावर आलंय म्हणतोस, तर पहिली गोष्ट म्हणजे नुसतं मतदान करून सुटका होत नाही. बाहेर सोडायचा अधिकार प्रेस्बिटरीचा, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील (म्हणजे मंडळीनं निवडलेले पुढारी) मिळून जी वरची सभा असते तिचा, मंडळीचा कौल कितीही मोठा असला तरी.

आणि खरी गोम बिल्डिंगची. संप्रदायाच्या घटनेत ट्रस्टचं कलम आहे, कागद मंडळीच्या नावावर असला तरी मालमत्ता संप्रदायासाठी धरलेली मानतात. म्हणजे आपल्याकडं भाऊ वेगळे होताना चूल एका दिवसात वेगळी होते आणि सातबारा मात्र वर्षानुवर्षं अडकतो ना, सेम तसंच बघ. कोर्टात गेलं तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७९ च्या जोन्स विरुद्ध वुल्फ निकालामुळं कोर्ट धर्ममताच्या भांडणात न पडता खरेदीखत, ट्रस्टचे कागद असलं बघू शकतं, त्यामुळं राज्यागणिक निकाल वेगळा लागतो. बऱ्याच प्रेस्बिटऱ्या बोलणी करून, काही रक्कम घेऊन बिल्डिंगसकट सोडतात, मला तोच रस्ता शहाणपणाचा वाटतो.

भांडण पेटलं ते संप्रदायानं २०११ ला समलिंगी लोकांच्या दीक्षेवरची (पाळक, वडील म्हणून नेमण्यातली) अडचण काढली आणि २०१५ ला लग्नाची व्याख्या बदलली तेव्हा, मग बऱ्याच मंडळ्या ईपीसी नाहीतर २०१२ ला निघालेल्या इको या दुसऱ्या प्रेस्बिटेरियन संप्रदायांत गेल्या.

आपल्या कोल्हापुरात मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ ला आले तेही मूळचे अमेरिकेतलेच, म्हणून इथंपण लोक विचारतात. पण इथला कायदा वेगळा, तिकडचा नियम इकडं लावू नका. दाजींना म्हणावं आधी खरेदीखत बाहेर काढा.