जागे आहोत की स्वप्नात, हे खात्रीने ओळखता येते का?

चिमटा काढून पाहणे हा जागे असल्याचा भरवशाचा पुरावा मानावा का, असे आपण विचारले आहे. मानू नये, स्वप्नातही चिमटा काढता येतो आणि तो दुखल्यासारखा वाटूही शकतो. खरी अडचण पुराव्याची नसून शंकेची आहे, कारण स्वप्न चालू असताना ‘हे खरे आहे का’ हा प्रश्न बहुधा पडतच नाही.

एकदा मी स्वप्नातच उठलो, दात घासले, चष्मा चढवला आणि घड्याळात सव्वासात वाजल्याचे पाहिले. पुन्हा पाहिले तर आकडे धड वाचता येईनात. तेवढ्यावरून संशय यायला हवा होता, पण मी घड्याळ बिघडले म्हणून चिडलो. खरोखर जाग आली तेव्हा चष्मा उशाशी, रात्री ठेवला तसाच होता.

ठसठशीत स्वप्ने मुख्यतः ज्या झोपेत पडतात, ती डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था १९५३ साली शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली. या अवस्थेत मेंदूचे भावनांशी निगडित भाग चांगलेच जागे असतात, मात्र कपाळामागचा, विसंगती हेरणारा भाग बराच मंदावलेला असतो. म्हणजे ज्याने चाचणीचा निकाल द्यायचा, तोच डुलक्या घेत असतो. तरीही सरावाने काहींना स्वप्नात भान राखता येते. १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात झोपलेल्या एका माणसाने, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून, आपण स्वप्नात असल्याची खूण यंत्रावर उमटवली होती. त्या झोपेत बाकी शरीर लुळे पडले तरी डोळे हलत राहतात, म्हणून हे साधले.

जागेपणी मात्र प्रश्न तितका बिकट नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ साली ‘मेडिटेशन्स’ या ग्रंथात हीच शंका ताणून धरली आणि ग्रंथाच्या अखेरीस तिला उत्तरही दिले, ते असे की जागेपणीचे अनुभव स्मृतीने उरलेल्या आयुष्याशी जोडलेले असतात, स्वप्नातले नसतात. मला हीच कसोटी सर्वांत उपयोगी वाटते. ‘मी इथे कसा आलो?’ असे स्वतःला विचारावे आणि मागे मागे जावे. जागेपणी ही साखळी सकाळपर्यंत, कालपर्यंत पोहोचते, स्वप्नात ती दोन-तीन कड्यांतच तुटते.

व्यवहारात घोटाळा होतो तो नंतर, आठवणीत. बहिणीला निरोप दिल्याची मला पक्की खात्री होती आणि तो मी स्वप्नात दिला होता. अशा आठवणी फोनमधील नोंदींशी किंवा संबंधित व्यक्तीशी ताडून पाहाव्यात. हे आपल्याबाबत वारंवार घडत असेल आणि दिवसा अनावर झोपही येत असेल, तर निद्राविकारांच्या तज्ज्ञांना अवश्य दाखवावे, कारण नार्कोलेप्सी या विकारात स्वप्न आणि वास्तव यांची अशी सरमिसळ बऱ्याच जणांत आढळते.