निदानानंतरचे पहिले दिवस: एका नव्या आईस

ताई, अहवालात 'स्वमग्नता' (ऑटिझम) हा शब्द वाचून तुमची झोप उडाली असेल. पण मुलगा काल होता तसाच आजही आहे, म्हणून आधी आठवडाभर तो कधी, कशाने बिथरतो हे वहीत टिपून ठेवा. माझा मुलगा ठाणे स्टेशनवर वाशीची गाडी आली की दोन्ही कान दाबून फलाटावरच बसायचा आणि आम्ही तो हट्ट समजून त्याला रागवायचो, याचे मला आजही वाईट वाटते. निघण्यापूर्वी जिना, फलाट, गाडी, आजीचे घर अशी चित्रे क्रमाने दाखवू लागलो, कानांना हेडफोन दिले, तेव्हा कुठे तो हळूहळू सावरला.

दिव्यांग प्रमाणपत्राला मात्र उशीर करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. नवी मुंबईत राहत असाल, तर वाशीतल्या महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रात अवश्य चौकशी करा. वर्गशिक्षिकेला जाड फाइल देण्यापेक्षा एकच पान द्या: त्याला काय जमते, काय सहन होत नाही आणि तो बिथरल्यावर त्याच्याशी किती कमी बोलावे.